थोरलीच्या पोटातली हवा

प्रिय शेजारी,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं लोटली कोण जाणे. लग्न झाल्यावर तू नवरा झालास, पुढे लेकीचा बाबा झालास, आणि शेजारी मागेच राहिला. आज लॅबमधल्या माझ्या टेबलाशी बसून लिहितेय, उजवीकडे तुझं जुनं टेबल आहे, म्हणून तेच नाव लेखणीवर आलं. तू म्हणशील, रोज संध्याकाळी फोनवर बोलतो की आपण, मग हे पत्राचं खूळ कुठून निघालं? फोनवर तुला काही मनापासून सांगायला गेलं की तू एक विनोद करतोस आणि विषय हातोहात गायब करतोस. त्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा मुकाट्याने शेवटपर्यंत वाच, आणि गॅसवर काही ठेवलेलं असेल तर आधी बंद करून ये.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या कुंड्यांना वेळच्या वेळी पाणी मिळतंय. एकीची दोन पानं पिवळी पडलीत, त्यात माझा काही दोष नाही, ती जायच्याच बेतात होती. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो मी उघडून वॉशर बदलला. तू डब्यांवर चिकटवलेल्या सूचनांबरहुकूम जेवणखाण चाललंय आणि दूध एकदाच उतू गेलं. तुझ्या ताईंचा फोन येऊन गेला. बाळंतिणीपाशी आई जायची ती बाप गेला, हे अजून त्यांच्या पचनी पडलेलं नाही. मी म्हटलं, लेकीनेच सांगितलं की आई आली तर मलाच तिच्यासाठी रांधावं लागेल, त्यापेक्षा बाबाला पाठव. त्या हसल्या, पण मनातून त्यांनी मला नापासच केलं असणार. नातीचा फोटो फ्रिजवर लावलाय. नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं, हनुवटी मात्र थेट तुझी. येता जाता बघते आणि चहा गार करून बसते.

आता मुख्य बातमी. थोरली बरी झाली.

हो, तीच. आपल्या वेळी या खोलीत निर्वात पोकळीची दोन चेंबर शेजारी शेजारी उभी होती, तुझं मोठं पोटाळ ते थोरली आणि माझं बुटकं ते धाकटी. आपला धंदाच असा की स्टीलच्या पिंपातून हवा उपसत बसायची, ती इतकी की आत ठेवलेल्या प्लॅटिनमच्या स्फटिकावर एकही परका कण येऊन बसू नये. मग आपल्याला हवा तो वायू चिमूटभर आत सोडायचा आणि त्याचे रेणू धातूवर कसे बसतात, तापवल्यावर कसे उठून जातात, ते बघायचं. धाकटीने माझं भलं केलं. थोरलीतली हवा मात्र कधी पुरती निघालीच नाही. तू गेल्यावर तिला कमी नाजूक कामांना जुंपलं आणि लॅबमध्ये एक गोष्ट रुळली. कोणी नवीन आलं की त्याला सांगायचे, पूर्वी एका विद्यार्थ्याने आत उघडा हात लावला, तेव्हापासून थोरली नासली. त्या विद्यार्थ्याशी मी संसार करते हे निम्म्यांना माहीत नसायचं, आणि ज्यांना माहीत असायचं ते मला पाहून हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचे. या वर्षी वरून निरोप आला की सत्र संपेपर्यंत थोरली नीट चालली तर ठीक, नाहीतर तिला भंगारात काढून खोली दुसऱ्या विभागाला देणार. ती तशीच भंगारात गेली असती तर ती गोष्ट कायमची खरी ठरली असती. तेवढं मला होऊ द्यायचं नव्हतं. थोरली दुरुस्त करू द्या म्हणून केलेल्या अर्जात मी बाकीची शहाणी शहाणी कारणं लिहिली, खरं कारण हे होतं.

तो दिवस तू चारचौघांत रंगवून सांगतोस, आपल्या लॅबच्या सरांच्या चष्म्याची आणि तुझ्या घामाची नक्कल करून. लोक पोट धरून हसतात. पण मी त्या दिवशी तिथे होते, धाकटीच्या मागे पाना धरून उभी होते, आणि मला हसू आलं नव्हतं. कितव्यांदा तरी तू थोरली उघडून पुसून बंद केली होतीस, आतला चिकटलेला वायू सुटावा म्हणून फॉइल गुंडाळून भाजली होतीस, आणि आतला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पुन्हा तिथेच येऊन अडला होता. सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुझ्या हाताला स्वच्छता नाही. प्रयोगाचा हात नाही तुला." आपल्या कामात याहून वाईट शिवी नाही. उघड्या बोटाचा नुसता ठसा आत राहिला तर त्याचा ओशटपणा आठवडेच्या आठवडे वायू सोडत राहतो, म्हणून तर हातमोज्यांवर हातमोजे घालायचे. तू एवढंच म्हणालास की सर, ही हवा बाहेरून येत नाही आणि हाताचीही नाही, आतच कुठेतरी दडून बसलेली आहे. सगळे हसले. रिकाम्या पिंपात हवा कुठे दडणार? सर दुष्ट नव्हते हे तूही मानतोस. त्यांना जे दिसलं ते त्यांनी बोलून दाखवलं. पण त्या वर्षाअखेरीस तू लॅब सोडलीस.

पुढचं आपलं आयुष्य चांगलं गेलं, हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये. तू शाळेत विज्ञान शिकवायला लागलास आणि तुझ्यासारखा मास्तर त्या शाळेने आधी पाहिला नव्हता. प्रयोग स्वतः करून दाखवायचा नाही, मुलांकडूनच करून घ्यायचा, ही तुझी पद्धत. लोकांना वाटायचं काय आधुनिक विचारांचा माणूस आहे. मला ठाऊक होतं की तू काचेच्या नळीला हात लावायचंच टाळत होतास. घरातही तेच. भिंतीवर खिळा मी ठोकायचा, चष्म्याचा बारीक स्क्रू मी बसवायचा, कॅमेरा मी धरायचा, म्हणून आपल्या अल्बममध्ये सगळीकडे तू आहेस आणि मी कुठेच नाही. स्वयंपाकात मात्र तुझा हात मोकळा सुटला. तू म्हणायचास, कढईला ठशांची पर्वा नसते. आपली लेक झाली तेव्हा ती मान धरेपर्यंत तू तिला घेतलं नाहीस. मला वाटलं, नव्या बापांना भीती वाटतेच, होईल सवय. आणि झालीही. म्हणून मी कधी खोलात गेले नाही. तुझा तो हात नसल्याचा विनोद घरात इतका मुरला होता की आत काही दुखत असेल असं वाटेनासं झालं होतं.

असो. थोरलीकडे येते. गेल्या वर्षी लॅबमध्ये एक नवी बाई रुजू झाली. आपल्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल, बोलण्यात भीडभाड नाही, आणि चहात साखर किती घालते ते विचारू नकोस. तिच्या यंत्राचा जीव एका सुईत आहे. सुईचं टोक इतकं अणकुचीदार की शेवटी एकच अणू उरतो, आणि ते टोक धातूला न टेकवता अगदी वरून फिरवत फिरवत ती एकेक रेणू चाचपते. लॅबमध्ये तिचं नाव सुईवाली पडलंय. आपल्या वेळी काय होतं आठव. कोट्यवधी रेणू एकदम उठायचे आणि त्यांच्या गलक्यावरून एकेकाच्या मनात काय असेल त्याचा आपण अंदाज बांधायचो. ही एकाच रेणूपाशी जाऊन त्याची विचारपूस करते. वर त्याच्यावर प्रकाशाचा इतका क्षणिक झोत टाकते की अणूंमधला बंध ताणला जाताना मध्येच पकडता यावा. मी या विषयात केस पांढरे केले, तरी पहिल्यांदा तिच्या जुन्या ठिकाणचं चित्र पाहिलं तेव्हा खुर्ची ओढून बसले. रांगेने बसलेले रेणू, एक मध्येच जागा सोडून बसलेला, वर्गात एखादं पोर रुसून बसावं तसा. तू पाहिलं असतंस तर त्याला नाव ठेवून मोकळा झाला असतास.

ही सुई बसवायला मोठं तोंड हवं होतं आणि ते फक्त थोरलीला आहे. म्हणून सुईवाली आणि मी पदर खोचून तिच्या मागे लागलो. आधी बाहेरून. सांध्यासांध्यावर हेलियमची बारीक फुंकर मारायची आणि आत हेलियम पोचतो का ते बघायचं. तू स्पिरिटचा बोळा घेऊन हेच करायचास आणि गेजच्या काट्याकडे टक लावून बसायचास. फरक एवढाच की तेव्हा आपल्याकडे नुसता काटा होता. आत किती वायू उरलाय ते कळायचं, कोणता ते कळायचं नाही. आता चेंबरला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं, ते आत उरलेल्या वायूंना वजनानुसार वेगळं करून प्रत्येकाची हजेरी घेतं. तर हजेरीत नायट्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे चक्क खोलीतली हवा. ओशटपणाचा मागमूस नाही. ते पाहून मी तीच हजेरी पुन्हा पुन्हा घेतली. सुईवालीला वाटलं मला बरं नाही. हाताचा ठसा असता तर त्याचे जडजड तुकडे या हजेरीत दिसायलाच हवे होते, आणि तिथे नुसती हवा होती. पण हेलियम कुठूनही आत शिरेना. हवा आत येतेय आणि वाट कुठेच नाही.

तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं. मी सुईवालीला सांगितलं की फार पूर्वी इथे एकजण म्हणायचा, ही हवा आतच दडलेली आहे. ती हसली नाही. म्हणाली, मग विचारून बघू थोरलीलाच. तिची युक्ती इतकी साधी की मला माझीच लाज वाटली. आम्ही थोरलीत हवेऐवजी निव्वळ आर्गॉन भरला आणि तिला काही दिवस तशीच मुरत ठेवली. मग पुन्हा उपसायला घेतली. भोक बाहेरच्या भिंतीत असेल तर बाहेरून हवाच येणार. पण आत कुठे खाचखळगा असेल आणि तिथे वायू कोंडून राहत असेल, तर आता त्यातून आर्गॉन झिरपायला हवा. हजेरी घेतली. हवा जवळपास नाही, आर्गॉनच आर्गॉन. तू बरोबर होतास. प्रत्येक वेळी चेंबर उघडलं की तो खळगा पुन्हा हवेने भरायचा आणि मग महिनोन्‌महिने थेंब थेंब सोडत राहायचा. जितके जास्त दिवस उघडी, तितका जास्त त्रास. सर ओरडले म्हणून तू ती जास्त वेळा उघडून जास्त घासत होतास, आणि म्हणून ती जास्त बिघडत होती. हे कळल्यावर मी खोलीबाहेर जाऊन जिन्यात थोडी रडले. खोटं कशाला बोलू?

खळगा सापडायला मात्र वेळ लागला, आणि त्याचं कारण ऐकून तू कपाळाला हात लावशील. आम्ही आतलं सगळं काढलं, प्रत्येक स्क्रू प्रकाशासमोर धरला. आतल्या प्रत्येक स्क्रूच्या पोटातून आरपार बारीक भोक हवं, नाहीतर त्याच्या टोकाखाली हवा कोंडते, हे तू नि मी पहिल्याच आठवड्यात सरांकडून शिकलो होतो. सगळ्यांना भोकं होती. शेवटी टेबलावर फॉइलमध्ये गुंडाळलेली एक वस्तू उरली. सुईवालीने विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, ती सरांची बैठक. स्फटिक ज्या ठोकळ्यावर बसतो तो सरांनी तरुणपणी स्वतः घडवलेला आणि त्याचा कोन स्वतः जुळवलेला, तो कोणी उघडायचा नाही. साफसफाईच्या वेळी अख्खाच्या अख्खा उचलून बाजूला ठेवायचा. सर निवृत्त झाले, तरी आमच्यापैकी एकानेही त्याला पाना लावला नव्हता. सुईवालीने माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड लपवायला जागा पुरेना. मग मी स्वतः पाना घेतला. चार स्क्रू होते. तिघांना भोक होतं, चौथा भरीव.

नवा स्क्रू लावून सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं, थोरलीला तापपट्ट्या बांधल्या आणि फॉइल गुंडाळायला लॅबमधले सगळे गोळा झाले. ती पद्धत अजून आहे. मोठा असो की नवखा, गुंडाळताना प्रत्येकाने एक तरी पट्टा लावायचा आणि एकमेकांची खोडी काढायची. तुझ्या वाटचा पट्टा मी लावला आणि कोणाला सांगितलं नाही. भाजून झाल्यावर ती गार होत होती तसतसा दाब उतरत गेला. जिथे तुझ्या वेळी काटा अडायचा ती जागा आली, आणि तो तिथे थांबलाच नाही. सकाळी दार उघडून आत आले तेव्हा गेजवर असा आकडा होता जो या खोलीत कोणी, धाकटीवरसुद्धा, पाहिलेला नाही. सुईवालीने टाळ्या वाजवल्या. मी थोरलीच्या फॉइलवरून हात फिरवला, जसा आजारातून उठलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतो.

मग मी सरांकडे गेले. तुला न सांगता गेले याचा राग मानू नकोस. ते आता नव्वदीला टेकलेत, गुडघे गेलेत, कान बरे आहेत आणि जीभ तर पूर्वीइतकीच धडधाकट. त्यांच्या सूनबाईंनी मला गॅलरीत त्यांच्यापाशी नेऊन बसवलं. मी तो भरीव स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला आणि कुठून निघाला ते सांगितलं. त्यांनी भिंग मागवलं, उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले की एकदा एक स्क्रू तुटला होता, भोकाचा मिळेना, म्हणून तात्पुरता हा लावला होता, नंतर बदलायचा होता. मला वाटलं आता ते खचतील. खचतात कसले, त्यांनी मलाच फैलावर घेतलं. एवढी वर्षं बैठक उघडून का पाहिली नाही? मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं ना उघडायची नाही म्हणून. त्यावर त्यांचा आवाज चढला. "मी सांगितलं म्हणून? मग शिकवलं काय मी तुम्हाला?" सूनबाई धावत आल्या, त्यांना वाटलं भांडण जुंपलं. मला हसावं की रडावं कळेना. जायला निघाले तेव्हा त्यांनी मला परत बोलावलं, भिंग घडी करून खिशात ठेवलं आणि खाली बघत म्हणाले, "त्याचा हात चांगला होता. मला पारखता आला नाही. सांग त्याला." जसं म्हणाले तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता लिहिलंय.

आणखी एक. सुई बसवायच्या आधी थोरली दोन दिवस रिकामी होती, तर मी तुझा प्रयोग केला. तुझाच, तू सोडून गेलास तो. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड बसवला आणि स्फटिक हळूहळू तापवत नेला. तू म्हणायचास की रेणू दोन टप्प्यांत उठत असणार, आधी धातूच्या सपाटीवरचे आणि मग तिच्यावरल्या अणूएवढ्या पायऱ्यांच्या कडांना धरून बसलेले, कारण कडेवरच्यांची पकड घट्ट. पुढे जगात इतरांनी हे दाखवून दिलं, ते आपण वाचलं, आणि तू तो शोधनिबंध घडी घालून ठेवलास नि कांदा चिरायला घेतलास. पण इथे, थोरलीवर, तुला ते कधी दिसलं नाही. मोकाट हवेने तुझे रेणू आधीच गिळलेले असायचे आणि आलेख म्हणजे नुसता ढिगारा. परवा पडद्यावर एक उंचवटा चढला, उतरला, आणि मी श्वास धरून बसले. मग दुसरा चढला. दोन स्वच्छ उंचवटे, मध्ये दरी. त्याची छापील प्रत या पत्रासोबत आहे. खाली प्रयोग करणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते, तिथे मी तुझं लिहिलंय. सुईवालीने पाहिलं आणि काही विचारलं नाही. शहाणी आहे पोर. थोरलीला आता कोणी इथून हलवत नाही, भंगाराचा कागद मागे घेतला, आणि लॅबमध्ये नवीन येणाऱ्याला चौथ्या स्क्रूची गोष्ट सांगतात. तुझी बाजू घेऊन सांगतात, मी कान देऊन ऐकलंय.

हे सगळं तू परत आल्यावर निवांत सांगता आलं असतं. मीही तसंच ठरवलं होतं, समोर बसवून, तुझ्या हातचं जेवून झाल्यावर. पण काल लेकीचा फोन आला, तुझा डोळा चुकवून केलेला. म्हणाली, बाबा दिवसभर बाळापाशी असतात, पाळणा हलवतात, तिला रेणूंच्या गोष्टी सांगतात, दुपटी धुऊन इस्त्री करतात, पण घ्या म्हटलं की हात मागे नेतात. माझ्या हातात नको, म्हणतात. हसत म्हणतात, पण नाहीच घेत. ती विचारत होती, आई, बाबांना आमच्याबद्दल काही वाटलंय का? मी तिला म्हटलं, वाटलेलं नाही, मी बघते. म्हणून हे पत्र. त्या हाताबद्दल जो निकाल लागला होता तो चुकीचा होता, आणि ज्यांनी दिला त्यांनीच मागे घेतलाय. आता दुसरा कोणी द्यायला उरलेला नाही. तेव्हा ऊठ. साध्या साबणाने हात धू, हातमोजे वगैरे काही नको. एक तळवा तिच्या मानेखाली, एक पाठीखाली. ती काही चेंबर नाही. तुझा ओशटपणा, तुझ्या बोटांना येणारा फोडणीचा वास, सगळं तिला लागू दे, त्याचसाठी तर आजोबा असतात. पहिल्यांदा भीती वाटेल, मलाही वाटली होती. लेकीला म्हणावं फोटो काढ, पण तुझं तोंड नको, नुसते हात नि ती. मी फ्रिजवरचा फोटो काढून जागा करून ठेवलीय. आता हे पत्र खाली ठेव आणि तिला घे.

तुझीच, भिंतीपलीकडची नव्हे, टेबलापलीकडची,
शेजारीण